प्रभूच्या भाकरीचा तवा

मी एक जुना लोखंडी तवा आहे. काळा, जड आणि मधोमध किंचित खोलगट. ओहायो राज्यातल्या डब्लिन नावाच्या गावात शीला रणदिवे यांचं घर आहे. त्यांच्या गॅरेजमध्ये बर्फ ओढायचं फावडं आणि रंगाचे अर्धवट डबे यांच्या मधल्या फळीवर माझा मुक्काम असतो. मित्रांनो, तव्याला कोणी त्याची गोष्ट विचारत नाही. माझ्यावर पोळी भाजून घेणारे पुष्कळ भेटले, माझं ऐकून घेणारं कोणी भेटलं नाही. म्हणून आज न विचारताच सांगतो. गोष्ट आनंदाची नाही, हे आधीच सांगून ठेवतो. ज्यांना शेवट गोड लागतो त्यांनी खालच्या फळीवरच्या कढईकडे जावं. तिने उभ्या आयुष्यात गुलाबजामच तळले आहेत.

माझा जन्म नगर जिल्ह्यातल्या एका आठवडी बाजारातला. लोहाराने मला तापवून, ठोकून, पुन्हा तापवून आकार दिला. शीलाच्या आईने मला तीनदा उचलून पाहिलं, दोनदा खाली ठेवलं आणि मग घेतलं. घरी नेल्यावर तिने मला तेल पाजलं, अर्धा कांदा घेऊन माझ्या अंगावर फिरवला आणि बजावलं, "याला साबण लावायचा नाही. गरम पाणी, चिमूटभर मीठ आणि कोरडं फडकं. एवढं केलं की हा नातवंडांपर्यंत टिकेल."

त्या गावात ख्रिस्ती लोकांचं एक छोटं देऊळ होतं. महिन्याच्या पहिल्या रविवारी तिथे प्रभुभोजन असे. येशूच्या शेवटच्या जेवणाची आठवण म्हणून सगळ्यांनी एकाच भाकरीचा तुकडा मोडून खायचा. ती भाकर आदल्या दिवशी माझ्यावर भाजली जाई. पण ती एकटीने करायची नाही, असा शीलाच्या आईचा नियम होता. एकीने मळून थापायची, दुसरीने भाजायची. आणि दोघींपैकी कोणाच्याही मनात कोणाविषयी अढी असेल, तर आधी उठून ती मिटवून यायचं, मगच पिठाला हात लावायचा. एकदा ती भिजवलेलं पीठ तसंच झाकून जावेच्या घरी निघून गेली. दोन तास मी चुलीवर रिकामा तापत होतो. परत आली तेव्हा डोळे सुजलेले होते आणि मागोमाग जाऊ होती. त्या दिवशीची भाकर जावेनेच थापली. मी तेव्हा नवा होतो. मला वाटलं, जगात भांडणं अशीच मिटत असतात.

शीलाचं लग्न रवीशी झालं. रवीला ओहायोत नोकरी लागली आणि दोन हजार चार साली मी तीन स्वेटरांत गुंडाळून अमेरिकेत आलो. विमानतळावर एका साहेबाने मला बॅगेतून बाहेर काढून उलटंपालटं करून पाहिलं. लोखंडाच्या तुकड्यासाठी बाईने चार किलो वजन का वाया घालवलं, हे त्याला काही कळलं नाही. इथल्या पहिल्या शनिवारी भाकर भाजताना धूर झाला आणि छतावरचा अलार्म असा ठणाणा करू लागला की शीला लाटणं घेऊन त्याच्याशी लढायला उभी राहिली. पुढे ती खिडकी उघडून, पंखा लावून भाजायला शिकली. ज्वारीचं पीठ इथे मिळे ते इतकं शिळं की भाकर थापताच भेगाळत असे. म्हणून भाकर गव्हाची झाली. नियम मात्र तोच राहिला.

हळूहळू सात मराठी कुटुंबं जमली. रविवारी दुपारी चार वाजता ती शीलाच्याच घरी उपासनेला येत. अमेरिकेतल्या घरांत स्वयंपाकघर आणि बसायची खोली यांच्यात भिंत नसते, त्यामुळे शेगडीवर बसल्याबसल्या मला सगळं दिसे आणि ऐकू येई. शीला त्या मंडळीत वडीलधारी. तिसऱ्या पिढीची ख्रिस्ती, निम्मी गीतं पाठ, प्रार्थना करायला लागली की शब्द कमी पडत नसत. तिला स्वतःच्या विश्वासाचा थोडा ताठा होता. मी तिचा तवा आहे, मला हे बोलायचा हक्क आहे.

मग पद्मिनी आली. नागपूरकडची, बौद्ध घरातली. नर्सिंगचं शिक्षण घेताना ती येशूकडे वळली होती आणि अजून मोठ्याने प्रार्थना करायला लाजत होती. तिचा नवरा प्रताप रविवारीही लॅपटॉप सोडत नसे, पण मुलगा कुश तिच्याबरोबर येई आणि गिटार वाजवी. शीलाने पद्मिनीला हाताशी धरलं. भाकरीला तिलाच जोडीदार केलं. पहिल्या दिवशी पद्मिनीने पिठात पाणी जास्त घातलं. मग पीठ वाढवलं, मग पुन्हा पाणी. शेवटी चौदा भाकरींचं पीठ झालं आणि सातही कुटुंबांनी आठवडाभर प्रभूच्या नावाने तेच खाल्लं. दोघी हसून हसून भिंतीला टेकल्या होत्या.

ती पाच वर्षं माझी सोन्याची. पद्मिनी थापायची, शीला भाजायची, वरून पाण्याचा हात फिरवायची आणि भाकर टम्म फुगायची. पाहुणे म्हणून येणारे एक गोरे पाळक माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले होते की असली भाकर त्यांनी कुठेच खाल्ली नाही. मी तेव्हा तापलेलो होतो, नाहीतर लाजलो असतो. आणि दोघींच्या गप्पा काय सांगू. पीठ मळताना माणूस मोकळा होतो. हात गुंतलेले असतात, नजर परातीत असते, त्यामुळे जीभ सुटते. पद्मिनीने माहेरचं, नवऱ्याचं, ड्युटीवरचं सगळं तिथेच सांगितलं. शीला ऐकायची, सल्ला द्यायची, प्रार्थना करायची. स्वतःचं मात्र फारसं बोलायची नाही. तिची मुलगी उपासना सोळाव्या वर्षापासून रविवारी खोलीचं दार लावून बसत होती. दर महिन्याला कोणीतरी विचारी, "उपासना दिसत नाही?" आणि शीला म्हणे, "होमवर्क आहे." त्या वेळी कुश गिटारच्या तारा जुळवत बसलेला असे. शीला त्याच्याकडे पाही ते मी पाहिलं आहे.

आठ वर्षांपूर्वीच्या एका मे महिन्यातला शनिवार. पद्मिनी आली आणि मळायला बसली. पीठ अर्धं मळून झालं तेव्हा तिचे हात थांबले.

"कुशचं सेमिस्टर गेलं, ताई," ती म्हणाली. कुश तेव्हा पेनसिल्व्हेनियात स्टेट कॉलेज नावाच्या गावी शिकत होता. "क्लासला जातच नव्हता. मागच्या आठवड्यात त्याला ॲडमिट केलं होतं. डॉक्टर म्हणतात, डिप्रेशन आहे. आता घरी आणलंय. फॉलच्या सेमिस्टरला परत जातो म्हणतो. पण त्याने माझ्याकडून प्रॉमिस घेतलंय, कुणाला सांगायचं नाही. मला राहवलं नाही म्हणून तुम्हाला सांगितलं."

"बरं केलंस," शीला म्हणाली. "किती दिवस एकटी सोसत होतीस."

"हे इथेच राहू दे, ताई."

"वेडी आहेस का? मी कुणाला सांगतेय?"

ती हे मनापासून म्हणाली होती. तिच्या तोंडात तीळ भिजत नाही, असं कोणी म्हणू नये. तिने हे शेजारणीला सांगितलं नाही, फोनवर सांगितलं नाही, रवीलाही सांगितलं नाही. तिने ते फक्त देवाला सांगितलं. झालं एवढंच की सांगितलं ते सात कुटुंबांच्या समोर.

रविवारी प्रभुभोजनाआधी विनंत्यांची वेळ आली. विनंत्या म्हणजे कशासाठी प्रार्थना करायची ते एकेकाने सांगायचं. कोणाचा व्हिसा, कोणाच्या आईचा गुडघा. मग कोणीतरी नेहमीप्रमाणे शीलाच्या मुलीची, उपासनाची चौकशी केली.  शीला डोळे मिटून म्हणाली, "आज आपल्या कुशसाठी प्रार्थना करू या. हॉस्पिटलमधून आलाय पोरगा. प्रभू, त्याच्या मनाचा आजार दूर कर, त्याचं वाया गेलेलं वर्ष भरून दे." ती बराच वेळ प्रार्थना करत होती. सुंदर करत होती. सगळ्यांचे डोळे मिटलेले होते, फक्त पद्मिनीचे उघडे होते. तिने माझ्याकडे पाहिलं, म्हणजे माझ्या दिशेने. तिला बहुतेक काहीच दिसत नव्हतं.

सगळे आमेन म्हणाले. त्या खोलीत प्रीता नावाची एक मुलगी होती, कुशच्याच विद्यापीठात शिकणारी, स्वभावाने अतिशय चांगली. तिने तिथल्या तिथे कुशला मेसेज केला की मी तुझ्यासाठी प्रार्थना करते आहे, हॉस्पिटलचं कळून फार वाईट वाटलं. मग तिने कॉलेजातल्या दोन मैत्रिणींनाही प्रार्थना करायला सांगितलं. त्या दोघींनी आणखी कोणाकोणाला. वाईट हेतू एकाचाही नव्हता, मित्रांनो. दुपारच्या भाकरीचा तुकडा पोटात जिरायच्या आत कुशच्या सगळ्या मित्रांना ते कळलं होतं.

मंगळवारी पद्मिनी आली. मागून कुशही आत आला. गुबगुबीत पोरगा पार वाळला होता.

"मावशी," तो म्हणाला, "डिड यू इव्हन आस्क मी?"

"बेटा, आम्ही सगळे तुझ्यासाठी प्रेयर करतोय," शीला म्हणाली.

"आय नो," कुश म्हणाला. "नाऊ एव्हरीवन नोज." आणि तो बाहेर जाऊन गाडीत बसला.

पद्मिनी ओट्याला धरून उभी होती. "ताई, एकदा त्याला सॉरी म्हणा. मला नको, त्याला म्हणा. तो माझ्याशी बोलत नाहीये."

शीलाने तेवढं केलं असतं तर ही गोष्ट इथेच संपली असती आणि मी आजही शेगडीवर असतो. पण तिला तोवर दोन दिवस मिळाले होते आणि त्या दोन दिवसांत तिने स्वतःची बाजू चांगली मळून ठेवली होती. "सॉरी कशाबद्दल? प्रार्थनाच मागितली ना मी? चहाडी केली का? देवाच्या कुटुंबात लपवाछपवी कशाला हवी?" ती म्हणाली. "खरं सांगू, पद्मिनी? तुझा विश्वास अजून तान्ह्या मुलासारखा दुधावर आहे. वाढलेली माणसं आपली ओझी मंडळीसमोर ठेवतात."

 पद्मिनीने माझ्याशेजारी वाळत घातलेला आपला ॲप्रन उचलला, नीट घडी घातली आणि गेली.

पुढच्या महिन्याचा पहिला शनिवार आला. आता मी माझं दुःख सांगतो. मला वाटलं होतं, शीला पीठ झाकून उठेल. दहा मिनिटांवर पद्मिनीचं घर, गाडी दारात. ती उठली नाही. तिने एकटीने पीठ मळलं, एकटीने थापलं आणि मनात एवढी मोठी अढी ठेवून भाकर माझ्यावर टाकली. मी म्हटलं, आता बघा, ही भाकर करपेल. भेगा पडतील. माझं लोखंड हे चालू देणार नाही. पण ती भाकर नेहमीसारखीच टम्म फुगली. रविवारी लोकांनी खाल्ली आणि छान झाली म्हणाले. त्या दिवशी मला कळलं की मी नुसता पत्रा आहे. माझ्यावर भाजणाऱ्याच्या मनात काय आहे ते मला कळतही नाही आणि मला त्याचं काही करताही येत नाही.

कुश फॉलमध्ये परत गेला नाही. दोन वर्षं घरात, आईशी एका ओट्यावर जेवत पण न बोलता राहिला. मग एक दिवस गेला. काही महिने त्याचे मेसेज आले, मग तेही बंद झाले. हे सगळं शीलाच्या घरी येणाऱ्यांच्या बोलण्यातून मला समजलं. त्यांचं येणंही कमी होत गेलं. आता विनंत्यांच्या वेळी लोक फक्त व्हिसा आणि गुडघे सांगत. घरातलं कोणी काही सांगेना. सातांची पाच कुटुंबं झाली, पाचांची तीन. मग त्यांनी प्रभुभोजनासाठी ऑनलाइन मिळणाऱ्या पांढऱ्या, कागदासारख्या चकत्या मागवल्या. शीलाकडे काचेची नवी शेगडी आली, माझा त्यावर एक ओरखडा उठला आणि साफसफाईला येणाऱ्या बाईने मला साबणाने घासून, ओलं तसंच गॅरेजमध्ये ठेवलं. महिनाभरात मी तांबडा झालो.

गेल्या मार्चमध्ये शीला गॅरेजमधल्या फ्रीजरमधून मटार काढायला आली. फोन स्पीकरवर होता. पलीकडे उपासना होती, आता कॅलिफोर्नियात नोकरी करणारी. बोलता बोलता तिच्या तोंडून निघून गेलं की जानेवारीत तिचं ऑपरेशन झालं होतं.

"ऑपरेशन? आणि मला आज सांगतेस?" शीला म्हणाली.

"आई, इट वॉज मायनर. आणि तुला सांगितलं असतं तर ती प्रेयर रिक्वेस्ट झाली असती."

फोन ठेवल्यावर शीला फ्रीजरला टेकून खूप वेळ उभी राहिली. मटारची पिशवी हातात तशीच. ती रडली नाही. मला वाटतं, ती पहिल्यांदाच हिशेब न मांडता, स्वतःची बाजू न मळता, नुसती विचार करत होती.

मे महिन्यात बातमी आली की पद्मिनीने घर विकलं. प्रताप वर्षापूर्वी वारला होता. ती आता दूर चँडलर नावाच्या गावी, आपल्या भावाकडे, धर्मराजकडे राहायला चालली होती. त्या शनिवारी सकाळी शीलाने मला फळीवरून उतरवलं. दोन तास मिठाने घासलं. माझा गंज तिच्या नखांत गेला. तेल लावलं, फडक्यात गुंडाळलं आणि पिठाच्या डब्यासह गाडीत ठेवून निघाली. जुन्या आशेने माझं लोखंड पुन्हा तापलं, हे कबूल करतो.

पद्मिनीचं घर खोक्यांनी भरलेलं होतं. तिचे केस पांढरे झाले होते. तिने शीलाला एका खोक्यावर बसायला सांगितलं. शीला बसली नाही.

"मला एक सांगायचंय, ते पूर्ण ऐक," ती म्हणाली. "मी त्या दिवशी प्रार्थना केली नाही, पद्मिनी. त्यांनी उपासनाचं विचारलं आणि मला लाज वाटली. मग मी कुशचं नाव घेतलं. दुसऱ्याच्या घरातही काही बिघडलंय, हे सगळ्यांना कळलं तेव्हा मला बरं वाटलं. खरंच बरं वाटलं. मी देवाचं नाव पुढे केलं. नंतर तुला कमी विश्वासाची म्हटलं. आठ वर्षं मी हे स्वतःलाही सांगितलं नाही. मला क्षमा कर."

तिने हे मान खाली न घालता सांगितलं. एवढ्या वर्षांत मी तिच्या शेकडो प्रार्थना ऐकल्या, त्यांत ही सगळ्यांत साधी आणि सगळ्यांत खरी होती. त्या क्षणी तिचा विश्वास वाढलेला मी डोळ्यांनी पाहिला.

पद्मिनीने बराच वेळ खोक्यावरच्या चिकटपट्टीचं टोक नखाने उकललं आणि परत चिकटवलं.

"क्षमा मी केव्हाच केली, ताई," ती म्हणाली. "रोज सकाळी करावी लागते, पण करते. हे जे बोललात ते कुशसमोर बोलायला हवं होतं."

"मला त्याचा नंबर दे. आत्ता बोलते. पायाही पडते."

"माझ्याकडे नाही. पाच वर्षं झाली."

शीलाने फडकं सोडून मला पुढे केलं. "एकदा करू या? तू मळ, मी भाजते. जाण्याआधी एकदाच."

पद्मिनीने माझ्या कडेवरून बोट फिरवलं. तिचं बोट थंड होतं. "मळायला बसले की मी बोलते," ती म्हणाली. "सवयच आहे तशी. म्हणून मी आता पीठ मळतच नाही. पोळ्या विकतच्या आणते." मग म्हणाली, "दादा विहारात जातो. मी त्याच्या घरी बसून माझी प्रार्थना करते, मनातल्या मनात. तो माझ्यासाठी चहा ठेवतो आणि कशासाठी केलीस, ते विचारत नाही. मला तेवढं पुरे झालंय आता."

ती शीलाला दारापर्यंत सोडायला आली. दोघींनी एकमेकींना मिठीही मारली. पण थेंबाने गेलेलं हौदाने भरून येत नाही. गाडीत शीलाने मला शेजारच्या सीटवर ठेवलं आणि पट्टा लावला, कारण माझ्या वजनाने गाडी पिंग पिंग करत होती. घरी आल्यावर मी पुन्हा याच फळीवर आलो. शीला आता एका अमेरिकन चर्चमध्ये जाते आणि मागच्या रांगेत बसते. प्रभुभोजनाचं तबक फिरत आलं की ती त्यातला तुकडा न घेता ते पुढच्या माणसाकडे देते, असं रवी एकदा फोनवर कोणालातरी सांगत होता. आधी मिटवून ये, हा आईचा नियम तिला आता पाळायचा आहे आणि ज्याच्याकडे जायचं त्या कुशचा पत्ताच उरलेला नाही.

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तूंना पुसून ठेवा, जपा, असं मी सांगायला हवं. तेवढं माझ्यासाठी नकोच. मी लोखंड आहे, मला पुन्हा घासता येतं. पण कधी कोणी तुमच्याशेजारी बसून, हाताला पीठ लागलेलं असताना, आपल्या घरचं दुःख सांगितलं तर ते ऐका आणि तिथेच ठेवा. देवाला ते तुमच्याआधी कळलेलं असतं. त्याला सांगायला सात कुटुंबं लागत नाहीत. आणि चूक झालीच, तर त्याच मंगळवारी कबूल करा. शीलाने आठ वर्षांनी केली. तिचा शब्दन् शब्द खरा होता, आणि ज्या मुलाने तो ऐकायला हवा होता, तो कुठे आहे हे त्याच्या आईलाही ठाऊक नाही.